सज्जा आणि संडासाची भिंत

रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या एका घराच्या सज्ज्याचे माझ्याकडे एकेचाळीस फोटो आहेत. ढगाळ सकाळचे, धुक्याचे, होळीच्या दुसऱ्या दिवशीचे. एकातही खाली राहणाऱ्या काकू नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी मला हळवी समजणार नाही.

मी बीरगावात राहते, रायपूरच्या कारखान्यांच्या टोकाला. कॉलेजपासून पत्रकं लिहिते. नळाला पाणी नाही, पत्रक. रेशनचं दुकान उघडत नाही, पत्रक. खिडकीवर रोज काळी धूळ बसते, त्याचंही पत्रक. ज्यांनी मला शिकवलं ते वस्तीतले जुने कार्यकर्ते म्हणायचे, पत्रकात ‘कदाचित’ लिहिणाऱ्यानं घरी बसावं. एक पान, एक फोटो, एक प्रश्न. धुळीच्या पत्रकासाठी मी पांढरा रुमाल खिडकीवर फिरवला आणि त्याचा फोटो छापला. खरं म्हणजे तो तीन खिडक्यांवर फिरवला होता. एकाच खिडकीच्या धुळीनं रुमाल नुसता मळकट दिसत होता, आणि मळकट रुमाल बघून कोणाला राग येत नाही.

त्या फोटोसाठी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या शेजाऱ्याकडून जुना कॅमेरा घेतला. धुळीचं काम संपलं आणि कॅमेरा घरात पडून राहिला. एका रविवारी सहज तो स्कूटीच्या डिकीत टाकून जुन्या शहरात गेले. का गेले, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि मला ते बोचत होतं. मी कुठंही जाते तर कारण घेऊन जाते.

ते घर दुमजली, मातीच्या कवेलूंच्या छपराचं. वरच्या मजल्याला रस्त्याकडे सरईच्या, म्हणजे सालाच्या, लाकडाचा सज्जा, उन्हापावसानं काळा पडलेला. त्याला खालून आधार देणाऱ्या चार कोरीव घोड्या, आणि प्रत्येक घोडीचं टोक केळफुलासारखं खाली वाकलेलं. चारही केळफुलं वेगळी. कोणी तरी कारागीर बसला होता आणि त्यानं एकसारखं काम करायला चक्क नकार दिला होता. मला तो माणूस आवडला.

साडेसातच्या आधी गल्लीत ऊन शिरत नाही. तेवढ्या वेळात लाकडावरची रेघन् रेघ दिसते. मग ऊन येतं आणि विजेच्या तारांच्या सावल्या सगळ्यावर जाळं टाकतात. उन्हाआधीच्या त्या अर्ध्या तासासाठी मी दर रविवारी बीरगावातून यायला लागले.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी खालच्या खोलीतून आवाज आला. “ए पोरी, मीटर वाचायला आलीस का? रविवारी पण?”

या काकू. त्या घराच्या खालच्या मजल्यावरच्या भाडेकरू. लग्न होऊन याच घरात आलेल्या, नवरा गेल्यावर इथंच राहिलेल्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन. पंडरीच्या कापडबाजारातून साड्यांचे गठ्ठे येतात, काकू त्यांना फॉल लावून, पिको करून परत पाठवतात. दारावर लाल-पिवळा फ्लेक्स: पिको, फॉल, रफू. फ्लेक्स इतका भडक की फोटोत आला की सज्ज्याकडे नजरच जात नसे. मी तो दर वेळी कापून टाकायची.

“आडनाव काय तुझं?” काकूंनी विचारलं.

मी सांगितलं. आमच्या आडनावावरून सगळं कळतं. मी नेहमी थांबते तशी थांबले.

“बीरगाववरून आलीस? एवढ्या लांब? पाणी पी आधी.”

ज्या ग्लासातून त्या पीत होत्या, तोच विसळून त्यांनी भरून दिला. मी ते बघितलं. आम्ही असलं बघतोच.

मग दर रविवारी चहा. “झाले का तुझ्या नवरदेवाचे फोटो?” असं त्या सज्ज्याला म्हणायच्या. वरचा मजला रिकामा, घरमालकाच्या कुलपात. मालक म्हातारे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. कारभार त्यांच्या पुतण्याकडे, आणि पुतण्याला तिथं दुकानांची इमारत हवी होती. काकूंना तो ‘आंटीजी’ म्हणायचा आणि दर महिन्याला विचारायचा, “आंटीजी, कहीं और देखा क्या?”

आमच्या घरी मात्र माझे रविवार खपत नव्हते. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. जेवताना म्हणाले, “मले एक सांग. तू काहून त्या घराचे फोटो काढून राहिली?”

“आवडतं म्हणून.”

“आवडते! तुया आजा लाकडाच्या टालावर कामाले होता. त्या पाऱ्यात मोळ्या टाकाले जाय, त मागच्या गल्लीतून. पुढचा सज्जा त्यानं जिंदगीत पायला नसन. अन् तू त्याची आरती करून राहिली.”

मी भांडले. कारागीर कोणत्या जातीचा होता ते तुम्हाला कुठं माहीत आहे, सज्जा त्याचा, मालकाचा नाही, वगैरे. तोंडानं मी कधी हरत नाही. पण रात्रभर ते आत रुतून बसलं. नुसतं आवडतं म्हणून काही करणं मला लाजिरवाणं वाटायला लागलं. वस्तीत पाण्याची टाकी फुटलेली आणि मी केळफुलांचे फोटो काढतेय. मग मला जे येतं तेच मी केलं. आवडीला मुद्दा चिकटवला. पत्रक काढलं.

‘जुनं रायपूर कोण मारतंय?’ मराठी आणि हिंदी, दोन्ही बाजूंना. घरमालकांना जाब, डागडुजीची मागणी. वर सज्ज्याचा उत्तम फोटो. पण सज्जा फारच देखणा दिसत होता. देखणं बघून लोक ‘वा’ म्हणतात आणि कागद पानठेल्यावर सोडून जातात. धोका दिसायला हवा. धोका कुठं दिसतोय ते शोधत मी मागच्या गल्लीत गेले.

मागं एक भिंत होती, जुन्या संडासाची. घर बांधल्यावर कितीतरी वर्षांनी कोणी तरी कच्च्या विटांत उभी केलेली. घराला ती चिकटलेलीही नाही, मध्ये वीतभर मोकळी जागा. तिला वरून खालपर्यंत भेग गेली होती, हात जाईल एवढी. मी संध्याकाळी परत आले, कारण तिरप्या उन्हात भेग खोल दिसते. फोटो घेतला, कडा कापल्या, काळं आणखी काळं केलं, आणि सज्ज्याच्या खाली छापला. दोन फोटोंच्या मध्ये एकच ओळ: ‘आज पडेल की उद्या?’

बघा, एक अक्षर खोटं नव्हतं. ही भिंत सज्ज्याखालची आहे असं मी कुठंही लिहिलं नाही. वाचणाऱ्याच्या डोक्यात ते आपोआप झालं. पत्रक असंच तर लिहितात, आणि त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

पत्रक फिरलं. मोबाईलवरही फिरलं. नौतपा सुरू झाला, रायपूरचे ते नऊ भाजून काढणारे दिवस, आणि पावसाळ्याआधी पडायला आलेल्या घरांची महापालिकेची पाहणी होते ती सुरू झाली. एका दुपारी काकूंचा फोन आला.

“दारावर कागद चिकटवून गेलेत गं. हिंदी सरकारी आहे, डोळ्यांसमोर नाचतंय सगळं. येतेस का वाचायला?”

मी गेले. काकूंच्या समोर बासी होती, रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, वर कांदा. घास तसाच ठेवून त्या ऐकायला बसल्या. मी मोठ्यानं वाचायला लागले. सदर भवन जर्जर. राहणाऱ्यांच्या जिवाला धोका. सात दिवसांत रिकामं करावं अथवा हरकत नोंदवावी. भवनस्वामीचा अर्ज आणि ‘संलग्न पर्चे के छायाचित्र’ पाहता...

पर्चा. मागं पिन लावलेला कागद उलटला. माझं पत्रक होतं. झेरॉक्समध्ये भेग आणखी काळी झाली होती.

ती ओळ मी वाचली नाही. गाळली. आवाज न अडखळता पुढच्या वाक्यावर गेले आणि कागद घडी करून माझ्या पिशवीत टाकला. “मी बघते काकू,” म्हणाले.

“भात खाऊ का मी?” काकूंनी विचारलं. म्हणजे, घाबरायचं आहे की नाही, हे त्या मला विचारत होत्या.

“खा,” मी म्हणाले.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते लिहायला मला जड जातं. फोन वाजला की वाटायचं काकू असतील, कोणी तरी वाचून दाखवलं असेल. नाही वाजला की वाटायचं, त्यांनी सामान बांधायला घेतलं. सात दिवसांतले दोन गेले. स्कूटी चालवताना मी ओठातल्या ओठात वाक्यं बनवत होते आणि प्रत्येक वाक्यात गुन्हेगार पुतण्या होता. शेवटी बसले आणि दुसरं पत्रक लिहून काढलं. ‘गरीब विधवेला बेघर करण्याचं कारस्थान.’ जोरदार झालं. बाबांना वाचायला दिलं.

बाबांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. मग म्हणाले, “याच्यात तू कुठी आहे?”

“म्हणजे?”

“म्हणजे नोटिशीले जो कागद जोडला तो कोणाचा? मीनं पण व्हॉट्सॲपवर पायला, बेटा. ते भिंत कुठली आहे, हे तुले मालूम आहे. लोकाइले नाही.”

मी सगळं सांगितलं. गाळलेली ओळ पण. बाबांनी चष्मा काढून घडी केला. मग म्हणाले, “वॅगन पास करताना भेग लपवली त माणूस मरते. जी भेग नाही ते दाखवली तरी बोगी फुकट भंगारात जाते. दोन्हीची सजा सारखीच होती आमच्याकडे. पहिले त्या बाईले सांग. पत्रक मंग.”

सांगायला गेले तेव्हा काकू मशीनवर होत्या. मी उभ्यानं सांगितलं, कारण बसले असते तर गोलगोल बोलले असते. तो फोटो माझा. भिंत मागची. मी जाणूनबुजून तशी लावली. परवा ती ओळ मी तुम्हाला वाचून दाखवली नाही.

मशीन थांबलं नाही. एक अख्खी साडी पिको होईपर्यंत थांबलं नाही.

“वर्षभर येतेयस,” त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. “चहा पितेस माझा. एकदा तरी खाली बघितलंस का? सारखी मान वर. वर कोण राहतं? कबुतरं राहतात. मी खाली राहते.”

“काकू...”

“तो कॅमेरा बाहेर ठेव आधी. मला बघवत नाही.”

मी कॅमेरा बाहेर ओट्यावर ठेवला. नौतप्याच्या उन्हात. त्याचं काय व्हायचं ते होवो, असं वाटलं.

थोड्या वेळानं त्यांनी दोरा दातानं तोडला. “हरकत कुठं द्यायची असते? आणि लवकर सांग, पंडरीचा माणूस गठ्ठा घ्यायला येतोय.”

हरकत दिली. आणि मी घरी येऊन मूळ फोटो उघडले, न कापलेले. त्यांच्याकडे मी कधी धड बघितलंच नव्हतं. एकेचाळीस फोटोंच्या खालच्या भागात सगळं होतं: पुढची भिंत सरळ, चौकट ओळंब्यात, फ्लेक्स, मीटर, दाराशी साड्यांचे गठ्ठे. आणि भेगेच्या मूळ फोटोत डाव्या कडेला ती वीतभर मोकळी जागा, पलीकडे घराची खरी भिंत, चुन्याची, हातभर जाड, एक ओरखडा नसलेली. जे मला कुरूप वाटलं म्हणून मी कापून फेकलं होतं, तेच आता प्रिंट करून फाईलला लावायचं होतं.

सातव्या दिवशी सकाळी पाहणीला महापालिकेचे इंजिनियर साहेब आले. पुतण्या आधीच हजर. बाबा पण आले, माझ्या स्कूटीवर मागं बसून. “मी घरासाठी नाही येत. बाईसाठी येऊन राहिलो,” असं त्यांनी वाटेत दोनदा सांगितलं. सज्ज्याकडे त्यांनी मान वर करून बघितलंही नाही. सरळ मागच्या गल्लीत गेले, दोन्ही भिंतींवर हातोडीनं ठोकून आले आणि काकूंना म्हणाले, “ताई, तुमची भिंत चांगली बोलते.”

काकूंनी त्यांना खुर्ची दिली. बाबा बसले. माझ्या मनात तेव्हा आणखी कशालाच जागा नव्हती, पण बाबा त्या घराच्या पुढच्या खोलीत बसले हे मी नोंदलं.

पुतण्यानं माझं पत्रक साहेबांपुढं धरलं. “सर, मैं नहीं बोल रहा हूँ. ये दीदी ने खुद छापा है. पूछ लीजिए.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. “ये दरार किधर की है?”

“पीछे की दीवार की,” मी म्हणाले. “घर की नहीं है. मैंने गलत छापा.”

“गलती से?”

इथं ‘हो’ म्हणता आलं असतं. सगळे त्याचीच वाट बघत होते, साहेबसुद्धा.

“नहीं. जानबूझकर.”

पुतण्या हसला. “देख लो सर, नेतागिरी!” साहेब हसले नाहीत. मूळ फोटो एकेक करून बघितले, मागं जाऊन आले. मग म्हणाले, हे लिहून द्या, सही करून. मी काकूंच्या मशीनच्या फळीवर कागद ठेवून लिहिलं. इतकं साधं वाक्य मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. सही बँकेतल्या सहीसारखी आली नाही. पुतण्यानं लगेच मोबाईलवर त्याचा फोटो काढून घेतला. तो कुठं कुठं जाणार हे मला त्याच क्षणी कळलं.

पण साहेबांचं काम संपलं नव्हतं. त्यांनी शिडी मागवली, वर चढले आणि खिशातला पेचकस पहिल्या घोडीत खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. दुसरीतही. तिसरीतून भुसा गळला. लाकूड बाहेरून तसंच, आतून वाळवीनं पोकळ. वर्षभर मी त्याच्यासमोर उभी राहिले होते आणि मला फक्त केळफुलं दिसली होती. खाली उतरून साहेब म्हणाले, घर ठीक आहे, राहू शकता. मागची भिंत पाडा. आणि हा सज्जा उतरवा, उद्या चारच्या आत. खाली रस्ता आहे, लोक चालतात. उतरवल्याचा समोरून घेतलेला फोटो मला पाठवा, मग नोटीस मागे घेतो. नाहीतर ती कायम.

माझं तोंड उघडलं. सवयीनं. घोड्या बदलता येतील, टेकू लावता येईल, मी सुतार आणते, पंधरा दिवस द्या. सगळं बरोबर होतं त्यातलं. पण पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस नोटीस दारावर. मी काकूंकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, आणि त्यांना माझं तोंड आता चांगलं ओळखू येत होतं.

“उतरवा,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोन मजूर दोर घेऊन आले. दोन तासांत काम झालं. तिसरं केळफूल खाली येताना हातातच चुरलं. बाकीचं लाकूड पुतण्यानं छोट्या हत्ती टेम्पोत भरून नेलं. ते मालकाचं होतं, मी काय बोलणार? घोड्या पोकळ असल्या तरी कठडा मजबूत होता, कोणाच्या तरी हॉटेलात लागेल. गाडी वळणावरून गेली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला स्वतःचाच राग आला.

“पोरी,” काकू दारातून ओरडल्या, “साडेतीन वाजले. आधी फोटो पाठव, मग रड.”

रस्त्याच्या पलीकडे जाऊन मी उभी राहिले. भर उन्हात, तारांच्या सावल्या भिंतीवर, फोटोसाठी सगळ्यात वाईट वेळ. वरच्या मजल्याला आता चार भोकं आणि मध्ये नुसत्या हवेत उघडणारं एक दार. खाली काकू उंबऱ्यावर उभ्या, हातात कोणाची तरी निळी साडी.

“मी हलू का बाजूला?” त्यांनी विचारलं.

“नका हलू.”

फोटो पाठवला. एक टिक. मग दोन. मग काहीच नाही. सव्वाचार झाले, साडेचार झाले. काकू मशीनवर बसल्या, पण पाय हलत नव्हता. बीरगावच्या ग्रुपवर माझ्या सहीचा कागद येऊन पडला होता आणि खाली कोणी तरी विचारलं होतं, ‘मग रुमाल पण खोटा होता का?’ त्याला काय उत्तर द्यायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. मोबाईलवर साहेबांचं चॅट उघडं ठेवून मी बसले होते.

“बघितला का त्यांनी?”

“नाही अजून.”

“फोन कर ना.”

“केला तर चिडतील.”

“माझ्या घरासाठी घाबरतेस आता? तेव्हा नाही घाबरलीस.”

पाच वाजून गेल्यावर उत्तर आलं: ‘ठीक है. नोटिस वापस. पीछे की दीवार हफ्ते भर में.’

मी ते त्यांना वाचून दाखवलं. पूर्ण. मग फोन त्यांच्या हातात दिला. काकूंनी चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ नेला, आणि प्रत्येक शब्दावर बोट ठेवत स्वतः पुन्हा वाचलं.